पोट्ट्याच्या डोक्यात चाललंय तरी काय!

बुटीबोरीच्या एमआयडीसीत रात्रपाळी सुटते तेव्हा बाप थकून घरी येतो, चहा मागतो आणि पाहतो तर काय, पंधरा वर्षांचं पोरगं अजून चादरीत. "मी रातभर जागून आलो, अन् तुले काऊन झोप येऊन राह्यली बे?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याला शास्त्रीय उत्तरही आहे, पण ते बापाला कोणी सांगितलेलं नसतं आणि पोरगं सांगण्याच्या अवस्थेत नसतं.

२०११च्या जनगणनेनुसार १० ते १९ वयाची सुमारे २५ कोटी मुलं-मुली या देशात होती. एवढी डोकी आणि त्यांच्याबद्दलची आपली माहिती काय, तर 'ऐकत नाही', 'उठत नाही', 'मोबाइल सोडत नाही'. १९९०नंतर एमआरआय यंत्रांनी जिवंत, धडधाकट मुलांच्या मेंदूत डोकावायची सोय केली आणि मजेशीर गोष्टी बाहेर येऊ लागल्या. त्यातल्या काही इथे वाढल्या आहेत. क्रम शोधू नका, मिसळ आहे.

डोकं मोठं, काम बाकी

सहाव्या वर्षीच मेंदूचा आकार मोठ्या माणसाच्या ९० टक्क्यांच्या आसपास पोचलेला असतो. मेंदू सर्वांत मोठा असतो तो मुलींमध्ये साडेदहाव्या आणि मुलांमध्ये साडेचौदाव्या वर्षाच्या सुमारास. मग तो थोडा आटतो! अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत जे गीड या डॉक्टरांनी १९९१पासून त्याच त्याच मुलांची पुन्हा पुन्हा छायाचित्रं घेतली. १९९९ साली त्यांनी जाहीर केलं की कपाळामागच्या भागातला करडा पदार्थ मुलींमध्ये साधारण ११व्या आणि मुलांमध्ये १२व्या वर्षापर्यंत वाढतो आणि नंतर कमी होत जातो.

कमी होतो म्हणजे बिघडतो असं नाही. आपल्याकडे संत्र्याच्या बागेत तोडणी झाली की सल काढतात. वाळक्या फांद्या गेल्या की झाड जोमात येतं. मेंदूतही न वापरलेले जोड गळतात आणि वापरातले टिकतात. टिकलेल्या तंतूंवर मायलिन नावाचा स्निग्ध थर चढतो आणि त्यांतून निरोप कित्येक पटींनी वेगाने धावतात. हे काम मागून पुढे सरकत जातं. सर्वांत शेवटी पाळी येते कपाळामागच्या भागाची. बेत आखणं, मोह आवरणं, 'पुढे काय होईल' याचा अंदाज घेणं ही खाती नेमकी तिथली.

म्हणून चौदा ते अठरा या वयात रोज जे केलं जातं, ते पक्कं बसतं. तबला, कबड्डी, गणित, वेल्डिंग, काहीही. रील्सही त्यातच आल्या.

२५ चं गौडबंगाल

'मेंदू २५व्या वर्षी पूर्ण होतो' हे वाक्य हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर इतकं फिरतं की पंचविसाव्या वाढदिवसाला डोक्यात घंटा वाजत असावी असं वाटावं. तसं काही होत नाही. बदल हळूहळू मंदावतात, माणसागणिक वेगवेगळ्या वयात मंदावतात, आणि सुरुवातीच्या बऱ्याच अभ्यासांत विशीच्या पुढचे लोक फारसे नव्हतेच. नोव्हेंबर २०२५मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी जवळपास चार हजार मेंदूंच्या जोडण्या तपासल्या. जोडण्यांचा 'किशोर' टप्पा त्यांच्या हिशेबाने नवव्या वर्षी सुरू होतो आणि संपतो बत्तिसाव्या वर्षाच्या आसपास. लग्न जुळवणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

गंमत म्हणजे आपल्या कायद्याला मात्र २५ हा आकडा फार आधीपासून आवडतो. लोकसभा किंवा विधानसभा लढवायची तर वय २५ हवं. महाराष्ट्रात कडक दारूसाठी परवान्याचं वय २५. आणि अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायदा त्याला २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स देत नाही. संविधान सभेसमोर एमआरआयचे अहवाल नव्हते, तरी अंदाज बरा निघाला. मतदानाचं वय मात्र ६१व्या घटनादुरुस्तीने १९८९ साली २१वरून १८वर आणलं. म्हणजे निवडून द्यायला अठरा पुरे, निवडून यायला पंचवीस हवीत. हा फरक वेडपट वाटतो, पण पुढचा मजकूर वाचा.

थंड डोक्याचे हुशार

भारतासह ११ देशांतल्या पाच हजारांहून अधिक लोकांवर (वय १० ते ३०) झालेला एक मोठा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. शांतपणे बसून विचार करायचा असेल, माहिती तोलायची असेल, तर सोळाच्या आसपासचं मूल मोठ्यांच्या तोडीचं असतं. पण राग, घाई, उत्साह, मित्रांचा गलका यांत स्वतःला आवरण्याची ताकद वीस ओलांडल्यावरही वाढतच असते. थंड डोकं लवकर पिकतं, तापलेलं उशिरा. मत देणं हे थंड डोक्याचं काम. आठवडे आधीपासून विचार करायला मिळतो.

थंड डोक्याचे दाखले नागपूरकरांना लांब शोधावे लागत नाहीत. बुद्धिबळपटू दिव्या देशमुख आणि रौनक साधवानी दोघंही नागपूरचे, दोघंही डिसेंबर २००५चे, वाढदिवसांत १३ दिवसांचं अंतर. रौनक २०१९मध्ये तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला. दिव्याने २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातल्या बाटुमीत कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. वय १९. शेवटचा निकाल टायब्रेकमध्ये लागला, म्हणजे घड्याळ कानाशी टिकटिकत असताना. सरासरी ती सरासरी. सरावाने तापलेलं डोकंही लवकर थंड करता येतं, असंच म्हणायचं.

सिग्नल पिवळा झाला आणि मागे दोस्त बसला

नागपूर–हैदराबाद रस्ता, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४४, बुटीबोरीतून जातो आणि तुळजापूरहून वर्धेमार्गे येणारा ३६१ क्रमांकाचा महामार्ग इथेच येऊन संपतो. ट्रेलर, कंटेनर, कंपन्यांच्या बसगाड्या आणि त्यांच्या मधून ट्रिपल सीट निघालेली पोट्टी. हे दृश्य ज्याने पाहिलंय त्याला पुढचे प्रयोग जास्त कळतील.

अमेरिकेतले लॉरेन्स स्टाइनबर्ग हे या विषयातलं मोठं नाव. त्यांनी आणि मार्गो गार्डनर यांनी २००५ साली मुलांना गाडी चालवायचा संगणकी खेळ दिला. सिग्नल पिवळा होतो, थांबायचं की दामटायचं? १३ ते १६ वयाची मुलं एकटी असताना बऱ्यापैकी शहाणी वागली. शेजारी मित्र बसवले आणि त्यांनी घेतलेली जोखीम दुपटीच्या आसपास गेली. विशीच्या आतबाहेरच्या तरुणांची वाढली, पण कमी. २४च्या पुढच्यांना मित्र असले काय नि नसले काय, काही फरक नाही.

२०११ साली हाच प्रकार स्कॅनरमध्ये झोपवून केला. मित्र शेजारच्या खोलीत, नुसतं पाहताहेत एवढंच सांगितलेलं. तेवढ्यावर किशोरांच्या मेंदूतला बक्षिसाचा भाग उजळला; मोठ्यांचा तसाच राहिला. म्हणजे मुलाला धोका कळत नाही असं नव्हे. मित्र पाहत असला की मजा त्याला जास्त मोठी दिसते.

उंदरांचंही तेच. २०१४ साली याच चमूने किशोरवयीन उंदरांपुढे दारू ठेवली. एकटे असताना कमी प्याले, दोस्तांबरोबर जास्त. प्रौढ उंदीर दोन्ही वेळी सारखेच. उंदरांना कोणी इन्स्टाग्राम दाखवलं नव्हतं, हे लक्षात असू द्या.

आता या मालिकेतला माझा सर्वांत आवडता प्रयोग. २०१६ साली १८ ते २२ वयाच्या तरुणांच्या चौकडीत एक जण मुद्दाम पंचविशी-तिशीतला बसवला. जोखीम घेण्याची खुमखुमी गायब. तरुण एकटे असताना वागतात तसे वागले. त्या थोराड भावाने उपदेश करायची गरज पडली नाही, नुसता बसला. कारखान्यांत नवख्या अप्रेंटिसांची एकत्र टोळी करण्याऐवजी प्रत्येक टोळीत एखादा तिशीतला दादा घालावा, गणेश मंडळाच्या ट्रॉलीवर आणि सहलीच्या बसमध्येही घालावा. फुकटचा उपाय आहे.

गाडीच्या किल्लीबद्दल मात्र दादापेक्षा कायदा कडक आहे. सोळाव्या वर्षी मिळणारं लायसन्स बिनगिअरच्या, ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीसाठी असतं. दारात उभी स्कूटर बहुधा ११० किंवा १२५ सीसीची असते, त्यामुळे 'त्याला सोळा झाली ना' हे उत्तर चालत नाही. अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४च्या पहाटे दोघांचा जीव गेला, तेव्हा गाडी चालवणाऱ्या १७ वर्षांच्या मुलाला सांगितलेल्या ३०० शब्दांच्या निबंधावर देश चिडला. चिडणं बरोबरच होतं. पण किल्ली कुठल्या खुंटीवर टांगली आहे, हे आपापल्या घरी किती जणांनी पाहिलं? जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते २९ या वयात मृत्यूचं पहिलं कारण रस्ते अपघात आहे.

आईचा आवाज, ऐकू येतो पण…

स्टॅनफर्डच्या डॅनियल एब्रम्स आणि सहकाऱ्यांनी मुलांना स्कॅनरमध्ये निरर्थक शब्द ऐकवले. एकदा आईच्या आवाजात, एकदा अनोळखी बाईच्या. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचा मेंदू आईच्या आवाजाने खूश. २०२२ साली मोठ्या मुलांचे निकाल आले: तेराव्या वर्षाच्या सुमारास पारडं फिरतं आणि बक्षिसाचा भाग अनोळखी आवाजाला जास्त दाद देतो. आईचा आवाज ते चटकन ओळखतात. फक्त तो आता नवलाईचा उरलेला नसतो. उद्या घराबाहेर पडून परक्यांत राहायचं तर परक्यांकडे कान हवाच.

आणखी एक प्रयोग, थोडा झोंबणारा. ९ ते १७ वयाच्या ३२ मुलांना स्वतःच्या आईने केलेली टीका ऐकवली, सुमारे अर्ध्या मिनिटाची. भावनांचा भाग पेटला. आवर घालणारा भाग आणि समोरच्याच्या मनात काय आहे हे ताडणारा भाग, दोन्ही मंदावले. 'मी तुझ्या भल्यासाठीच बोलते' हे ताडायला लागणारं यंत्रच नेमकं त्या वेळी बंद!

मग बोलायचंच नाही का? बोला, पण आधी थांबा. तासाभराने, गाडीत शेजारी बसून, भाजी निवडताना, दोन वाक्यांत. आणि काही निरोप दुसऱ्या तोंडून जाऊ द्या. मामा, आत्या, कबड्डीचे सर, शेजारची कॉलेजातली ताई. आई सहा महिने सांगत होती ते कोचने एकदा सांगितलं आणि पोरीने ऐकलं, की आईला राग येतो. येऊ द्या. काम झालं ना?

पहाटेचा अभ्यास नावाची दंतकथा

पहाटे चारला उठून केलेला अभ्यास डोक्यात पक्का बसतो, हे मराठी घरात पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातं. आजोबांच्या बाबतीत खरं असेलही, ते रात्री साडेआठला झोपायचे. आजच्या पंधरा वर्षांच्या पोराच्या शरीरात पहाटे चार म्हणजे ऐन मध्यरात्र.

झोपेची वर्दी देणारं मेलाटोनिन वयात येताना एक ते दोन तास उशिरा स्रवू लागतं. ब्राउन विद्यापीठाच्या मेरी कार्स्कॅडन यांनी या एका गोष्टीवर कित्येक दशकं घालवली. वयात येणाऱ्या माकडांचं आणि उंदरांचंही घड्याळ असंच पुढे सरकलेलं आढळलं आहे. मोबाइलचा उजेड आगीत तेल ओततो हे खरं, पण आग त्याने लावलेली नाही. म्युनिकच्या टिल रोनेबर्ग यांनी हजारो लोकांच्या झोपेच्या वेळा मांडल्या, तेव्हा दिसलं की माणूस आयुष्यात सर्वांत 'उशिराचा' असतो तो मुलगी साडेएकोणिसाव्या आणि मुलगा एकविसाव्या वर्षाच्या आसपास असताना. तिथून गाडी पुन्हा लवकर झोपण्याकडे वळते. किशोरवय संपल्याची हीच खूण धरावी, असं त्यांनी २००४ साली सुचवलं. लग्न, नोकरी, लायसन्स सगळं बाजूला. रविवारी आपोआप लवकर जाग आली की झालात मोठे.

गणित करून पाहा. १३ ते १८ वयाला झोप हवी ८ ते १० तास. डोळा लागतो साडेअकराला. साडेआठ तास धरले तरी उठायची वेळ आठ. शाळा सातची. बुटीबोरीहून नागपूरला शिकायला जाणाऱ्याला वर पंचवीसेक किलोमीटरचा प्रवास. म्हणजे रात्रपाळीचा बाप आणि सकाळच्या शाळेचा मुलगा दोघांची तक्रार एकच: शरीराच्या घड्याळाला न मानवणाऱ्या वेळी कामाला जुंपलेत. बापाला त्याचा निदान पाळीभत्ता तरी मिळतो.

आता आपल्या राज्याची गोष्ट. डिसेंबर २०२३मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस म्हणाले की मुलांची झोप होत नाही, शाळांच्या वेळा बदला. फेब्रुवारी २०२४मध्ये शासन निर्णय निघाला आणि २०२४-२५पासून वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरलं. कोणाचे? पूर्वप्राथमिक ते चौथीचे! हेतू चांगला, आणि चिमुरड्यांना झोप नको असं कोण म्हणेल. पण आठ वर्षांचं पोर सहाला स्वतः उठून घर डोक्यावर घेतं. ज्याचं शरीर खरोखर उठायला तयार नसतं तो नववी-दहावीतला, आणि त्याचं नाव निर्णयात नाही. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ साली सुचवलं की माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नका. कॅलिफोर्नियाने २०१९ साली त्याचा कायदा केला आणि जुलै २०२२पासून तो लागू झाला. तिथे सवलत मिळाली ती मोठ्या मुलांना.

नागपुरात अडचणी आहेत हे मान्य. उन्हाळ्यात इथे सकाळची शाळा ही चैन नसून गरज आहे. विदर्भातल्या शाळा उन्हामुळेच तर जूनअखेर उघडतात. एकाच इमारतीत दोन अधिवेशनं भरतात, मग पहिलं कोणाचं हा प्रश्न आहेच. पण जुलै ते जानेवारी ऊन आडवं येत नाही, आणि दोन अधिवेशनांपैकी सकाळचं धाकट्यांना व नंतरचं थोरल्यांना देण्यात पैसाही लागत नाही.

तोवर घरी काय? रात्री नऊला सुटणारी शिकवणी शक्य असेल तर आठला सोडवा. फोन झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला, आईबाबांचेही फोन तिथेच. सकाळी उठल्या उठल्या उजेडात, गच्चीवर किंवा ओट्यावर. सुट्टीला तास-दोन तास जास्त झोपू द्या. बारापर्यंत नको, नाहीतर सोमवार आणखी कठीण जातो. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून वाचलेल्या धड्यापेक्षा झोपेत मुरलेला धडा जास्त आठवतो. आणि रविवारी सकाळी आठला मिक्सर लावून 'चुकून' उठवू नका. ती युक्ती मुलांना कळते.

बक्षीस घ्या, शिक्षा राहू द्या

लंडनच्या एका प्रयोगात, २०१६ साली, १२ ते १७ वयाची मुलं आणि मोठी माणसं चिन्हांचा एक खेळ खेळली. बरोबर निवडीला गुण मिळायचे, चुकीला कापले जायचे. गुण मिळवायला दोघं सारखेच शिकले. गुण कापण्यापासून मात्र मुलं फारसं काही शिकली नाहीत. प्रयोग लहान होता, पण ज्यांच्या घरी 'मोबाइल जप्त' हा कार्यक्रम दर आठवड्याला होतो आणि फरक शून्य पडतो, त्यांना पुराव्याची फार गरज नसावी.

लाइक, लाइक, लाइक

लॉस एंजेलिसमध्ये १३ ते १८ वयाच्या ३२ मुलांना स्कॅनरमध्ये इन्स्टाग्रामसारखा पडदा दाखवला. स्वतःच्या फोटोला भरपूर लाइक दिसले की बक्षिसाचा भाग पेटला. मेख अशी की लाइकचे आकडे संशोधकांनीच मनाने टाकले होते. आणि अनोळखी मुलांच्या ज्या फोटोंना जास्त लाइक होते, तेच मुलांनीही लाइक केले, फोटो कसाही असो. सिगारेट-दारूचे फोटो पाहताना तर आवर घालणारा भाग मंदावला.

फुटकी बादली ते फिफा

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात विजय बारसे हे क्रीडा शिक्षक होते. भर पावसात झोपडपट्टीतली पोरं एका फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना त्यांना दिसली. त्यांनी उपदेश केला नाही, फुटबॉल दिला. २००१ साली झोपडपट्टी फुटबॉल सुरू झालं, त्यातूनच 'स्लम सॉकर' उभी राहिली. बेघरांच्या विश्वचषकात भारताचा संघ उतरला, २०१६ साली फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला. नागराज मंजुळे यांचा 'झुंड' ४ मार्च २०२२ रोजी आला तो याच गोष्टीवर, आणि बारसे सरांवर बेतलेली भूमिका अमिताभ बच्चन यांनी केली.

मेंदूच्या भाषेत बारसे सरांनी काय केलं पाहा. थरार हवा होता, थरार दिला. टोळी होती, तिचा संघ केला. वर एक मोठा माणूस मैदानावर उभा राहिला. तीनही गोष्टींना आज प्रयोगशाळेतले आधार आहेत. २००१ साली त्यांच्यापैकी फारसं काही छापूनही आलं नव्हतं. मैदान नसलेल्या वस्तीत पोरं रस्त्यावर स्टंट करतात, तेव्हा शिव्या पोरांना देण्याआधी मैदान कुठे गेलं ते नगर परिषदेला विचारावं.

निळी गोळी

मेंदूतला तो मायलिनचा थर आणि बक्षिसाचं रसायन डोपामिन, दोन्ही तयार व्हायला लोह लागतं. आणि २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारतातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय निघाला, मुलग्यांपैकी ३१ टक्क्यांना. 'लक्ष नाही', 'आळशी झाली', 'पायऱ्या चढून दमते' यातलं किती वय आणि किती हिमोग्लोबिन, हे तपासल्याशिवाय कळणार नाही. सरकारी शाळांत आणि अंगणवाडीत आठवड्यातून एकदा मिळणारी निळी लोहगोळी त्यासाठीच आहे. जेवणानंतर घ्यायची, लगेच वरून चहा नको. गोळीने मळमळतं म्हणून ती खिडकीबाहेर फेकण्याची परंपराही जुनी आहे. उपाशीपोटी न दिल्यास खिडकीबाहेरची गर्दी कमी होते.

थोडकं पण भारी

लंडनमध्ये ३३ किशोरांचा बुद्ध्यंक २००४ साली मोजला आणि साधारण चार वर्षांनी पुन्हा मोजला. काहींचा २० गुणांपर्यंत वर, काहींचा तेवढाच खाली. मेंदूची रचनाही त्याप्रमाणे बदललेली. आठवीतल्या मुलाला 'हा डोक्याने जेमतेमच' असं पाहुण्यांपुढे जाहीर करणाऱ्यांनी हे कापून ठेवावं.

माणसाला म्हातारपणी सर्वांत जास्त आठवतात त्या दहा ते तीस वयातल्या गोष्टी. तुमच्या काळची गाणी सर्वांत चांगली होती ती यामुळे. तुमच्या पोरांनाही २०६० साली तसंच वाटणार आहे, आज त्यांच्या कानात जे काही वाजतंय त्याबद्दल!

गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेत डॉ. राणी बंग यांनी मुलामुलींसाठी 'तारुण्यभान' शिबिरं सुरू केली. शरीर, आकर्षण, पाळी, लग्न, सगळं मोकळेपणाने. विदर्भातल्या आदिवासी जिल्ह्यात जे बोलता येतं, ते शहरातल्या बऱ्याच शाळांत अजून 'हा धडा घरी वाचा' म्हणून उलटलं जातं.

हे मात्र गंमत म्हणून वाचू नका

मानसिक आजारांपैकी निम्मे चौदाव्या वर्षाच्या आत सुरू होतात. रोजची चिडचिड, उशिरा उठणं, दार लावून बसणं हे वयाचं. पण दोन-तीन आठवडे जेवण तुटलं, दोस्त तुटले, आवडता खेळ सुटला, 'मी नसलो तर बरं' असं तोंडून निघालं, तर 'वय आहे, जाईल' म्हणत वाट पाहायची नाही. ७ जानेवारी २०१४ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात १० ते १९ वयासाठी सरकारी रुग्णालयांतून मोफत सल्ला मिळतो. महाराष्ट्रात त्या केंद्रांना 'मैत्री' म्हणतात. नागपुरात प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४पासून आहे, मिहानमध्ये एम्स आहे. घरातून हलायचं नसेल तर टेली-मानस: १४४१६. १० ऑक्टोबर २०२२पासून चालू, दिवसरात्र, फुकट, मराठीतही बोलता येतं. हा नंबर आत्ता, पान उलटण्याआधी, आधी स्वतःच्या फोनमध्ये घालून ठेवा. पोराला फोन लावायचा धीर झाला नाही, तर तुम्हाला लावता आला पाहिजे.